सोळा बाह्या

भात झोडून झालं तरी आमच्याकडे शेतं मोकळी पडत नाहीत. कापलेल्या रोपांची धसकटं ओळीनं उभी असतात, त्यांच्या बुडाशी ओल असते, आणि त्या ओलीत टाकलेला वाल आठ-दहा दिवसांत मान वाकवून वर येतो. सकाळी धुकं उल्हास नदीकडून सरकत येतं आणि उन्हं चढली की पेंढ्याचा वास सुटतो. शेंगा भरल्या की संध्याकाळी कुठल्या तरी शेतात त्या मडक्यात भरून, मडकं जाळात उपडं घालून पोपटी लावतात, तेव्हा भांबुर्ड्याच्या पाल्याचा कडवट धूर घरात शिरतो आणि कपड्यांना दोन दिवस चिकटून राहतो. हा सगळा काळ मला थंडीचा वाटतच नाही. माझ्यासाठी तो बाह्यांचा काळ आहे.

यंदा वाल उगवला त्याच आठवड्यात शेजारची तन्वी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. नेरळला ती बेली डान्सच्या क्लासला जाते. कार्यक्रम जवळ आलाय, ड्रेस शिवायचाय, आणि बाह्या कशा घ्याव्यात हे तिला ठरवता येत नव्हतं. तिनं मला चाळीसएक फोटो दाखवले. जाळीच्या बाह्या, दंडावर नुसती पट्टी आणि खाली झुळझुळणारं कापड, मनगटाशी घट्ट आणि वर फुललेल्या, कुठे बाह्याच नाहीत. ती एकेक फोटो सरकवत होती आणि मी मनात म्हणत होते, हा प्रश्न मला नवीन नाही. पन्नास वर्षांपूर्वी मी तो आठ बायकांसाठी सोडवला आहे.

आताच्या रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबाच म्हणत. मी बावीस वर्षांची, मूळची पोशीरची, कशेळ्याच्या महिला मंडळात शिवण शिकवत होते. चार यंत्रं, एक लांब टेबल आणि शाळेची मागची खोली. बायका मला नुसतं ‘बाई’ म्हणत, माझ्याहून दुपटीनं मोठ्या असलेल्याही. त्या वर्षी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या महिला मंडळांचा मेळावा खोपोलीला भरणार होता. एरवी मेळाव्यात फुगड्या, ओव्या, पाककृती असं काहीबाही असायचं. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की प्रत्येक मंडळानं एकेका देशाचं नृत्य बसवायचं. कोणाला कुठला देश हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं.

चिठ्ठी उचलायला आमच्या अध्यक्ष अनसूयाकाकू गेल्या, सोबत मी. काकू म्हणजे पंचेचाळिशीची, उंच, रुंद खांद्यांची बाई. स्वतःच्या तीन एकरांत नांगर सोडून सगळं काम स्वतः करायच्या. त्यांना वाचता यायचं, पण चार लोकांत चष्मा लावायला आवडत नसे, म्हणून चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर ‘मिसर’ लिहिलं होतं, म्हणजे इजिप्त. शेजारच्या मंडळाला जपान आला होता आणि त्यांचे कागदी पंखे तिथेच ठरून गेले. आम्ही एसटीत बसून कशेळ्याला परत येईपर्यंत मिसर कुठे आहे आणि तिथल्या बायका कशा नाचतात यावर आमचं बोलणं चाललं होतं. मी शाळेत पिरॅमिड शिकले होते. नाचाबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

दोन दिवसांनी कर्जतच्या एका दुकानातून मला जुनं कॅलेंडर मिळालं. त्यावर मिसरची नर्तकी होती. पोट उघडं, कमरेला मण्यांचा पट्टा, आणि हातांवर पांढऱ्या जाळीच्या तंग बाह्या. ते चित्र मी वर्गात टेबलावर ठेवलं. बायका भोवती जमल्या. मग कोपऱ्यातून एकजण हळूच म्हणाली की हा तर पोट हलवायचा नाच आहे. हसू फुटलं, आणि हसता हसता सगळ्यांची तोंडं उतरली. खोपोलीला दोन तालुक्यांची माणसं येणार होती. कुणाचे दीर तिथल्या कारखान्यात, कुणाचे मामेसासरे तिथेच राहायला.

पोटाचं मी त्यांना वचन दिलं. पोट झाकून टाकू, पायघोळ झगा शिवू, वर ओढणी बांधू. पण मिसर दिसायला हवा म्हणून बाह्या मात्र चित्रातल्यासारख्याच करू, आणि आठही जणींच्या अगदी एकसारख्या. खरं सांगायचं तर मला माझं शिवणकाम दाखवायचं होतं. शिवणाची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते आणि त्या मागच्या खोलीत परकर-पोलकी शिकवून कंटाळले होते. मी कागदाचा एक नमुना कापला, त्यावरून पहिली बाही बेतली, आणि त्याच मापानं बाकीच्या.

अनसूयाकाकूंचा झगा आधी तयार झाला. त्यांनी तो लुगड्यावरूनच चढवला. मी म्हटलं, हात वर करून बघा. त्यांनी हात वर केले, तसा सगळा झगा त्यांच्याबरोबर वर गेला, छातीवर आवळला आणि दोन्ही काखांतून जाळी टर्रकन फाटली. कुणी तरी हसलं. वाईट हेतूनं नव्हे, पण हसलं. काकूंनी हात खाली घेतले, झगा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“बाई,” त्या म्हणाल्या, “ह्यो नाच माझ्या अंगाचा नाय. तुमी बारक्या पोरी घ्या.”

त्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आणखी तिघी गेल्या. मी ते चित्र पुन्हा जवळ घेऊन बघत बसले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की चित्रातल्या बाईचे दोन्ही हात कमरेवर आहेत. ती नाचतच नव्हती, फोटोसाठी उभी होती. मी उभ्या बाईची बाही नाचणाऱ्या बाईला लावली होती.

बाही या गोष्टीचा मी नंतर आयुष्यभर विचार करत आले. माझ्याकडे माप द्यायला बाया यायच्या तेव्हा गळा त्या स्वतः सांगत, उंची स्वतः सांगत, पण बाहीशी आल्या की सोबत आलेल्या माणसाकडे बघत. कोपराच्या वर की कोपराच्या खाली, हे सासू सांगायची, नणंद सांगायची, कधी दाराबाहेर उभा असलेला नवरा सांगायचा. हात तिचे, राबायचे तिनं, आणि किती दिसायचे ते ठरवायचं दुसऱ्यांनी. त्या वयात हे मला असं शब्दांत सांगता आलं नसतं. मीही तेच तर केलं होतं. एक नमुना कापला आणि सोळा हातांवर चढवायला निघाले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला काकूंच्या शेतावर गेले. झोडलेल्या भाताचा पेंढा त्या घराकडे नेत होत्या. मी बांधावर उभी राहिले. काकू खाली बसल्या, भारा दोन्ही हातांनी उचलला आणि एका झोक्यात डोक्यावर घेतला. हात पुरते वर, कान झाकतील इतके. आणि त्यांची चोळी जागची हलली नाही. खालची कड तसूभरही वर सरकली नाही. त्या चालत गेल्या, भारा टाकून परत आल्या, पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मी माफी मागायची विसरले. म्हटलं, “काकू, तुमची ही चोळी जरा बघू द्या ना मला.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला उन्हाची चक्करच आली असावी. पण घरी नेलं आणि दांडीवर वाळत असलेली तसलीच दुसरी चोळी हातात दिली. काखेत बाही आणि अंग जिथे मिळतं तिथे एक चौकोनी तुकडा तिरका बसवला होता. जुने शिंपी त्याला चौबगला म्हणतात. मला तो ठाऊक होता. शिवणाच्या वर्गात आम्हाला सांगितलं होतं की ही जुनाट पद्धत, नव्या बेतात तिची गरज नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी कधी भारा उचलला नसणार. हाताच्या तळव्याएवढा तो तुकडा, आणि त्याच्या जोरावर काकू तीस वर्षं आभाळाकडे हात नेत होत्या.

“हे लावलं तर हात वर जातील,” मी म्हटलं.

“जातील तं,” काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “त्या कॅलेंडरावर किती भरवसा हाय तुमचा? कळंबचा हुसेन बोटीवर व्हता, साऱ्या मुलखाचं पानी पिऊन आलाय. त्याला इचारा की.”

हुसेनमामा तेव्हा साठीचे असतील. बोटीच्या भटारखान्यात वीस वर्षं काढून ते कळंबला घरी येऊन राहिले होते. मी आणि काकू त्यांच्या ओसरीवर गेलो. मी कॅलेंडर पुढे केलं तर ते बघून ते हसले. म्हणाले की ही हॉटेलातली बाई, साहेबांसाठी. अशा त्यांनीही पाहिल्या होत्या. पण त्यांच्या बोटीवरचा एक सोबती मिसरचा होता, त्याच्या बहिणीच्या लग्नाला तो त्यांना गावी घेऊन गेला होता, नदीकाठच्या एका गावात. तिथे अंगणात घरच्याच बाया नाचत होत्या. आई, मावश्या, शेजारणी. अंगात पायघोळ झगे, लांब बाह्या, आणि कमरेला फक्त एक रुमाल कसून बांधलेला, कंबर हलली की दिसावी म्हणून.

“त्यांच्या बाह्या एकसारख्या होत्या का हो मामा?” मी विचारलं.

“एकसारख्या कशा असतील? ज्याच्या त्याच्या घरचं कापड. कुणाची बाही हातावरून खाली लोंबते, कुणाची मनगटाला आवळलेली. एक म्हातारी होती, तिनं बाह्या वर खोचलेल्या. ती सगळ्यांत झकास नाचली.”

मग त्यांनी उभं राहून दाखवलं. लुंगीवर पंचा बांधला, छाती आणि डोकं जागच्या जागी ठेवलं, आणि नुसती कंबर एका बाजूला टाकली. त्यांची बायको आतून बघून तोंडाला पदर लावून हसत होती. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या बारकाईनं बघत होत्या. म्हणाल्या, “हे तं पाखडणं हाय. पाखडताना कंबर थांबवून सूप हलवतो. हितं सूप थांबवायचं.” आणि त्यांनी तिथेच, ओसरीवर, हातात नसलेलं सूप धरून करून दाखवलं. हुसेनमामांनी मान डोलावली.

परत येताना काकू माझ्या पुढे चालत होत्या. त्या मागे न बघता म्हणाल्या की माझी बाही मनगटापर्यंत पाहिजे, आणि चौबगला घाला. त्या नाचात परत आल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. नाचणाऱ्या सात झाल्या.

खरी नाचणारी मात्र सुगंधा होती. ती कशेळ्याच्या दवाखान्यात आया होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, सावळी, हाताला गोंदण. दुपारी सुट्टी झाली की माझ्या वर्गाला यायची. पहिल्याच सरावात तिनं कंबर टाकली आणि बाकीच्या थांबून बघत राहिल्या. पण झग्याच्या मापाला ती येईना. आज नको, उद्या बघू. मी विचारलं तेव्हा कळलं की सासूनं नाही म्हटलंय. मी तिच्याबरोबर घरी गेले. दोन वर्षं ती माझ्या वर्गात येत होती आणि तिच्या बौद्धवाडीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. चहा पिताना याची मला लाज वाटली, ती अजून वाटते.

तिची सासू भागाबाई दारात बसून वालाच्या बिया निवडत होती. मी आपलं मेळावा, मंडळ, बक्षीस असं सांगत होते. तिनं पुरतं ऐकून घेतलं.

“बाई,” ती म्हणाली, “ल्हानपनी मी वरातीम्होरं नाचलेय. माझी आय नाचली. छपन साली आमी धम्म घेतला आन ते सोडलं. पाय दुखत व्हते म्हनून नाय सोडलं. बोलावतील तवा जावं लागायचं, म्हनून सोडलं.”

मी चहाचा कप खाली ठेवला. बोलली ती सुगंधा, चुलीपाशी उभी राहून, आवाज न चढवता.

“मला कुणी बोलावलं नाय, आत्या. मीच चाललेय.”

भागाबाईनं बिया बाजूला सारल्या. मग तिनं मला विचारलं की कापड कसलं आहे. मी म्हटलं पॉपलीन, निळं. तिनं विचारलं, नवं आहे का. त्यांच्या अंगावर तेव्हा नेहमी कुणाचं तरी उतरलेलं असायचं, बाह्या कुणाच्या तरी दुसऱ्याच हातांच्या. मी सांगितलं की कोरं आहे, ठाणावरचं, अजून कापलेलंसुद्धा नाही.

“मंग माप हिचं घ्या,” ती म्हणाली. “हिचंच.”

मी टेप काढला आणि तिथेच दारात सुगंधाचं माप घेतलं. बाहीशी आले तेव्हा मी नेहमीसारखी सासूकडे बघणार होते. बघितलं नाही. सुगंधालाच विचारलं की तुला कशी पाहिजे. ती गोंधळली. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं आपला हात पुढे धरला, पालथा केला, उलटा केला, गोंदणावरून बोट फिरवलं. म्हणाली, उघडा नको. मग म्हणाली, झाकलेलापण नको. आणि मग तिला सापडलं.

“खांद्याजवळ शिवलेली, मनगटाजवळ शिवलेली, आन मदी फाकलेली. हात हलल तवा दिसल. मला दाखवायचा असल तवा दिसल.”

शिवणाच्या कुठल्याच पुस्तकात मी तशी बाही पाहिली नव्हती. आता तन्वीच्या मोबाइलमध्ये तिचे वीस प्रकार आहेत.

पुढचे पंधरा दिवस आठवले की मला अजून बोटांत हुशारी येते. मी तो कागदी नमुना चुलीत घातला आणि एकेकीला बसवून विचारत गेले. सुरुवातीला सगळ्या म्हणायच्या, तुमी सांगाल तशी. मी म्हणायचे, मी सांगणार नाही. मग एकीला कळून चुकलं की तिला लहानपणापासून फुग्याची बाही पाहिजे होती आणि कुणी शिवून दिली नाही. तिला मी एवढे मोठे फुगे लावले की दारातून येताना ती तिरकी व्हायची. एकीनं कोपरापर्यंतच घेतली कारण तिच्या नव्या बांगड्या दिसायला हव्या होत्या. एकीच्या बाह्या खाली घंटेसारख्या उघडत होत्या, त्यात वारा भरला की ती स्वतःच हरखून बघत राहायची. आणि प्रत्येकीच्याच बाहीत, काखेत काकूंचा चौबगला. तिरका, चौकोनी, अस्तरासकट. बाहेरून कुणाला दिसणार नाही असा.

आठवी मी होते. बाई कमी पडत होती आणि नाचाचा मला गंध नव्हता, पण काकूंनी सांगून टाकलं की बाईंनी नाचायचं. माझ्या झग्याला पोचेपर्यंत निळं कापड संपलं. डावी बाही मी कमरेच्या रुमालांतून उरलेल्या लाल कापडाची केली. ती मी लपवायला बघत होते, तर सगळ्यांना तीच आवडली.

सराव काकूंच्या खळ्यावर चालायचा. सारवून गुळगुळीत केलेली जमीन, कडेला पेंढ्याची उडवी, उतरतं ऊन. ठेक्याला पितळी परात होती आणि ती वाजवणारी पोरगी घाई करायची. आम्ही आठही जणी तिच्या मागे धावायचो. भागाबाई रोज येऊन खळ्याच्या कडेला बसायची, सून नीट घरी येते की नाही बघायला, असं म्हणायची. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. ती उठली, पोरीच्या हातातून परात घेतली, मांडीवर आडवी धरली आणि ठेका धरला. सावकाश, दमदार, प्रत्येक घाव आपल्या जागी. कंबर आपोआप त्याच्यावर जाऊन पडायला लागली. त्या दिवसापासून परात तिची.

मेळाव्याला आम्ही टेंपोतून गेलो. सकाळची थंडी, पळसदरीपाशी धुकं, झगे एका पेटीत घड्या घालून. खोपोलीच्या शाळेचं पटांगण माणसांनी भरलं होतं. कारखान्याची पहिली पाळी सुटलेली, तेही लोक येऊन मागे उभे होते. कपडे करून आम्ही रांगेत उभ्या राहिलो तेव्हा व्यवस्था बघणाऱ्या एक बाई वही घेऊन आल्या. त्यांनी आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पोशाख एकसारखे नाहीत, याचे गुण जातील. त्या चांगल्या मनानं सांगत होत्या.  मी काही म्हणायच्या आत काकू पुढे आल्या.

“लग्नघरात आठ बाया एका बाहीच्या कुठं बघितल्यात तुमी?”

त्या बाईंनी वही मिटली.

माईकवरून ‘मिसर देशाचे नृत्य’ अशी घोषणा झाली आणि मागच्या गर्दीतून शिट्ट्या आल्या. त्यांना जे वाटलं होतं ते मला कळत होतं, मीही ते कॅलेंडर पाहिलं होतंच. आम्ही मंचावर गेलो. पायघोळ झगे, कमरेला लाल रुमाल, बाह्या कुणाच्या मनगटापर्यंत, कुणाच्या फुगलेल्या, एकीची लाल. शिट्ट्या विरत गेल्या. लोक बघायला लागले की हे आहे तरी काय. भागाबाईनं परातीवर पहिला घाव घातला.

त्यानंतरची पाच मिनिटं मी कुणाच्या तरी दुसऱ्याच अंगात होते. काकूंनी न दिसणारं सूप धरलं आणि कंबर टाकली, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका खुदखुदून हसल्या, कारण त्यांना ते सूप दिसलं. मग आम्ही हात वर केले. सोळाच्या सोळा, कानांना लागतील असे. एकही शिवण उसवली नाही, एकही झगा वर सरकला नाही. मी नाचता नाचता काकूंकडे पाहिलं. त्या खाली लोकांकडे बघतच नव्हत्या, आपल्या वर गेलेल्या हातांकडे बघत होत्या.

सुगंधा पुढे आली. भागाबाईनं ठेका निम्म्यावर आणला. सुगंधानं एक हात बाजूला लांबवला आणि हळूहळू वर नेला, तशी बाही चिरेपाशी उघडत गेली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत तिचा सावळा, गोंदलेला हात उन्हात आला. तिनं तो तसाच धरून ठेवला. मग मनगट वळवलं, बाही मिटली, आणि हात नाहीसा झाला. पटांगणात कुणी हललं नाही. तिनं दुसरा हात उघडला. त्या वेळी मात्र लोक उठले. मागे जे शिट्ट्या मारत होते तेच टाळ्या वाजवत होते आणि ‘वन्स मोअर’ ओरडत होते. परीक्षकांच्या टेबलाकडे मी बघितलं, तर तिथल्या दोघी बायाही परातीच्या ठेक्यावर बोटं आपटत होत्या.

आम्ही दुसऱ्यांदा नाचलो. दुसऱ्या खेपेला मी पायांत अडखळले, आणि त्याचं काही वाटलं नाही.

पहिला नंबर आमचा आला. कप काकूंनी घेतला, पण खाली उतरल्याबरोबर तो त्यांनी सुगंधाच्या हातात दिला, आणि सुगंधानं नेऊन भागाबाईच्या परातीत ठेवला.  भागाबाईनं कपाला हात लावला नाही, परात मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि टेंपोपर्यंत तशीच चालत गेली. येताना सगळ्या एकदम गात होत्या, कोण कुठलं गाणं म्हणतंय याचा कुणाला पत्ता नव्हता. पळसदरीच्या चढावर टेंपो मंदावला तर रस्त्याकडेच्या शेतातल्या बाया वाल खुरपायच्या थांबून आमच्याकडे बघत राहिल्या. फुग्यांच्या बाहीवालीनं त्यांना आपली बाही हलवून दाखवली.

पुढे काय झालं ते मला आधी नीट कळलंच नाही. आठवड्याच्या बाजाराला माझ्या खोलीत बाया यायला लागल्या. आधी कशेळ्याच्या, मग कळंबच्या, मग वरच्या वाड्यांतल्या. पोलकं शिवायचंय, म्हणायच्या, पण बाही ती तसली. दंडावर चीर आणि कडेला एक गुंडी. तिला नाव काय म्हणायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या म्हणायच्या ‘सुगंधाची बाही’. महिन्याभरात मधलं अक्षर गळालं आणि ती ‘सुगंधा बाही’ झाली. ज्यांच्या घरी सुगंधाला ओटीच्या वर येऊ देत नसत, त्या घरच्या सुनाही दार लोटून घेऊन मला हळूच सांगत, सुगंधा बाही लावा. मी ती मन लावून शिवायचे, आणि पावतीवर तेच नाव मोठ्या अक्षरात लिहायचे.

मीही कुणाला विचारलं नाही की सासूला विचारलंस का. माप द्यायला आलेली बाई बाहीशी आली की आता थेट माझ्याकडे बघायची.

एका बाजारच्या दिवशी डोंगरातल्या वाडीवरून एक बाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत वालाच्या शेंगा, काखेत एक लालभडक कापड. सुगंधा माझ्या शेजारी बसून गुंड्या लावत होती. त्या बाईनं कापड टेबलावर टाकलं आणि सांगितलं की सुगंधा बाही पाहिजे. मग थोडं घुटमळून तिनं विचारलं, “सुगंधा कोन हो बाई? शिनेमात काम करती का?”

सुगंधानं तोंडातला दोरा तोडला.

“नाय,” ती म्हणाली. “कशेळ्याच्या दवाखान्यात असती. हात म्होरं कर, माप घेते.”